इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड: आवाजात किती फरक पडतो ते घरीच तपासा, मग पैसे घाला

गिटार घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं हेच सांगतो, "भाऊ ही महोगनी आहे, हिचा आवाज वॉर्म येतो, ती बासवूडची आहे, ती जरा पातळ वाटंल", आणि दोन्हीच्या किमतीत आठ-दहा हजारांचा फरक, आणि घेणारा पोरगा हिंगोलीहून नाहीतर माजलगावहून एसटीनं आलेला, त्याला वाटतं सगळी जादू लाकडातच आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला भांडायचंय त्याला सोपं जाईल. आवाजासाठी म्हणून बॉडीच्या, म्हणजे गिटारच्या रुंद धडाच्या, लाकडाच्या नावाला एक रुपया जास्त देऊ नका, पण नेकचं, म्हणजे बोटं फिरतात त्या लांब दांड्याचं, लाकूड मात्र डोळे फाडून बघा, आणि ते आवाजापेक्षा आपल्याकडच्या हवेसाठी बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, खाली जे जे सांगतोय ते घरी करून बघा, बहुतेक सगळं फुकटात होतं.

आधी पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेली ती छोटी डबी, काय करतो ते डोक्यात बसलं की अर्धं भांडण तिथंच मिटतं. आत चुंबक असतं, त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या वायरचे सात-आठ हजार वेढे. चुंबकामुळं वरची पोलादी तार पण जराशी चुंबक बनते, ती हलली की चुंबकक्षेत्र हलतं आणि वेढ्यांमधे व्होल्टेज तयार होतं, म्हणजे १८३१ साली फॅरेडेनं जे दाखवलं तेच, दुसरं काही नाही. शेतातली मोटार जळाली की ज्याच्याकडं रिवायंडिंगला टाकता ना, त्या माणसाला हे एका मिनिटात समजतं, उलट तो मल्टिमीटर लावून तुमचा पिकअप जिवंत आहे का मेलाय ते पण सांगंल (सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला, साधारण सहा किलोओहमच्या आसपास आकडा येतो, हंबकरला, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला, त्याच्याहून जास्त, आणि आकडाच येत नसंल तर आत वायर तुटली समजा). फक्त वायर त्याच्याकडं मिळंल ही आशा धरू नका, पिकअपची वायर ०.०६ मिमीच्या आसपास असते, पंपाच्या मोटारीला एवढी बारीक लागत नाही.

आता पहिला प्रयोग. शाळेच्या लॅबमधला ट्यूनिंग फोर्क मागून आणा, पण आधी त्याला चुंबक चिकटतं का बघा, ॲल्युमिनियमचा असंल तर उपयोग नाही, पोलादी पाहिजे. गिटार ॲम्पला लावा, व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवा, सगळ्या तारा एका हातानं दाबून गप्प करा, फोर्क गुडघ्यावर हाणा आणि पिकअपच्या वर बोटभर अंतरावर धरा, कुठंही टेकवू नका. ॲम्पमधून स्वच्छ सूर येईल, फोर्क जवळ नेला की वाढेल, लांब नेला की मरेल. मग त्याच जागी दोन टिपऱ्या एकमेकीवर कितीपण जोरात वाजवा, पिकअपच्या डोक्यावर वाजवा, ॲम्प गप्पच. पिकअपला लाकूड ऐकू येतच नाही, त्याला फक्त लोखंडाची हालचाल कळते. शेवटी पिकअपच्या तोंडाशी जाऊन जोरात "हॅलो" म्हणा, आणि तुमचा आवाज ॲम्पमधून आला तर पिकअप मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे आतले वेढे सैल आहेत, मेण ओतलेलं नाही किंवा सुटलंय. अशा गिटारवर बॉडीला टिचकी मारली तरी टकटक येते आणि लोक म्हणतात बघा लाकूड बोलतंय.

गोंधळ होतो त्याचं कारण आहे, आपले कान दुसऱ्या वाद्यांवर तयार झालेत. मिरजेचा तानपुरा, तून लाकडाची सतार, साधी अकॉस्टिक गिटार, तिथं लाकूड स्वतः थरथरतं, हवा हलवतं आणि तीच हवा आपल्या कानात येते, म्हणून तिथं लाकूड म्हणजे निम्मं वाद्य. तेच ज्ञान उचलून चार सेंटिमीटर जाडीच्या भरीव फळीला लावलं की गडबड होते. गावाकडच्या बेंजो पार्टीतला बेंजो बघा, एक फळी, वर तारा, टाइपरायटरसारखी बटनं आणि खाली पिकअप, अख्खी वरात नाचते, फळी कशाची म्हणून कुणी विचारलंय का कधी?

आणि लाकूड नसलेल्या गिटारी काही नवीन नाहीत. रिकनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन' १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची, ती ओतीव ॲल्युमिनियमची. लेस पॉल या अमेरिकन गिटारवाल्यानं १९४०च्या आसपास चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ठोकळ्यावर पिकअप बसवला आणि लोकांना गिटारसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूला दुसऱ्या गिटारीचे अर्धे-अर्धे तुकडे चिकटवले. डॅनइलेक्ट्रो कंपनीनं १९५०च्या दशकात हार्डबोर्डच्या बॉड्या विकल्या, आपल्या शाळेच्या पॅडला असतो तसला पुठ्ठा-बोर्ड, आणि लेड झेपलिन बँडच्या जिमी पेजसारख्या माणसानं ती स्टेजवर वाजवली. १९६९ला अँपेगची डॅन आर्मस्ट्राँग आली, आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकची. आणि जिम लिल नावाच्या गिटारवाल्यानं तर दोन बाकड्यांच्या मधे तारा ताणल्या, खाली पिकअप धरला, बॉडी नाही नेक नाही, आणि आवाज फेंडर कंपनीच्या एका चांगल्या टेलिकास्टर गिटारीच्या इतका जवळ आणून दाखवला की लई जणांची झोप उडाली. फेंडरनं तर सुरुवातीला ॲश वापरलं आणि १९५६च्या सुमाराला बरचसं काम आल्डरवर नेलं, कारखान्याच्या हिशोबाला जे बसतं ते लाकूड, आणि आपण त्याच्यावर आता पोथ्या लिहितोय.

पण म्हणून लाकडानं काहीच होत नाही असं म्हणणारे पण उगं ताणतात. तार दोन टोकांना अडकलेली असते, ती टोकं जर जरापण हलली तर तारेची ताकद तिकडं गळते. ब्रिजकडचं, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीकडचं, टोक जाड, जड बॉडीवर असतं, ते सहसा हलत नाही. नेकचं टोक मात्र लांब, बारीक, एका बाजूनं मोकळं, ते हलतं, आणि काही ठराविक सुरांना जास्तच हलतं. त्यालाच डेड स्पॉट म्हणतात. बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूनं जोडलेल्या नेकच्या, फेंडर घाटाच्या बऱ्याच गिटारींवर हा जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आसपास सापडतो. बघायचा असंल तर ॲम्प बंद ठेवून चालंल, जी तार एक-एक फ्रेट वर सरकत वाजवायची, दर वेळी सारखाच जोर, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सूर किती वेळ टिकतो ते लिहायचं. मधेच एका फ्रेटवर सूर पटकन मरतो, शेजारचे दोन मात्र छान टिकतात. आता सुताराकडचा छोटा जी क्लॅम्प आणा, हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागावर, फडकं ठेवून हळूच आवळा (पेंट उडवाल, जपून), आणि परत वाजवा. डेड स्पॉट सरकलेला असतो, कधी फ्रेटभर, कधी दोन, कारण नेकचं वजन बदललं. म्हणजे बघा, लाकडाचा परिणाम आहे, पण तो वजनाचा आणि कडकपणाचा आहे, कॅटलॉगमधल्या नावाचा नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचं वजन सारखं नसतं, मग "महोगनी म्हणजे वॉर्म" हे कुठल्या महोगनीबद्दल?

दुकानात दोन गिटार वाजवून "मला फरक स्पष्ट ऐकू आला" म्हणणाऱ्यांसाठी आता खरी परीक्षा. फरक ऐकू येतोच, त्याबद्दल वाद नाही, पण तो कशामुळं आला हा प्रश्न आहे. त्या दोन गिटारींच्या तारा वेगळ्या, पिकअप वेगळे, पिकअपची उंची वेगळी, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटनाखालचा रेझिस्टर) वेगळे, मग लाकडाचं पाप-पुण्य कसं काढणार. म्हणून तपासायचं असंल तर एकाच गेजच्या (जाडीच्या) नव्या तारा दोन्हीवर, पिकअपची उंची सारखी, केबल तीच, ॲम्पची बटनं तशीच. मित्राला वाजवायला बसवा, तुम्ही भिंतीकडं तोंड करा, त्यानं नाणं उडवायचं, छापा आला तर पहिली गिटार, काटा आला तर दुसरी, तुम्ही कागदावर उत्तर लिहायचं, त्यानं वेगळ्या कागदावर. आणि आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण जरा मोठा वाजला की आपल्या कानाला तोच "भारी टोन" वाटतो, हे सगळ्यांचंच होतं, मोठ्या-मोठ्या उस्तादांचं पण. दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या नशिबानं साधारण अठरात एकदा होतं, नऊ किंवा जास्त मात्र शंभरात जेमतेम एकदा, तेव्हा नऊ आले तरच कॉलर ताठ करा.

आणि याच्यात एक गोष्ट घातल्याशिवाय परीक्षा पूर्ण होत नाही, जी कुणीच करत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच लाकडाच्या दोन गिटार घ्या, ओळखीच्या दोघांकडं सापडतातच, आणि त्या दोघींची पण अशीच परीक्षा घ्या. त्यांच्यातला फरक पण तेवढाच निघाला, आणि बहुतेक वेळा निघतो, तर महोगनी-बासवूडमधला फरक लाकडाच्या जातीमुळं आला असं म्हणायला तोंडच राहत नाही.

बरं मग टोन बदलायचाच आहे तर पैसा कुठं घालायचा. पहिल्यांदा तारा. मे महिन्यात धाराशिव-लातूरकडं घामानं तारा आठवड्यात काळ्या पडतात, काळी तार म्हणजे मेलेला ट्रेबल (वरचा, तीक्ष्ण आवाज), पाच-सातशेचा नवीन सेट टाकला की गिटार बदलल्यासारखी वाटते. त्यानंतर पिकअपची उंची, जिचा खर्च शून्य. शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि तारेची खालची कड ते पिकअपचा खिळा हे अंतर मोजायचं, बारीक तारेकडं २ मिमी आणि जाड तारेकडं अडीचपासून सुरू करा, मग अर्धा-अर्धा फेरा स्क्रू फिरवत कानानं ठरवा. पट्टी प्लास्टिकची घ्या, स्टीलची पट्टी चुंबकाला चिकटते आणि माप सगळं बोंबलतं. लई जवळ नेला तर चुंबकच तारेला ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर डचमळल्यासारखा, बेसूर येतो, मग लोक इंटोनेशनचे (तारेची लांबी जुळवायचे) स्क्रू फिरवत बसतात.

केबल पण गमतीशीर आहे. तीन मीटरच्या जागी नऊ-दहा मीटरची केबल लावा, बाकी काही बदलू नका, आवाज जरा झाकल्यासारखा होतो, कारण केबलची कपॅसिटन्स पिकअपबरोबर मिळून वरची फ्रिक्वेन्सी खाली ओढते. नुसत्या केबलनं जेवढा फरक पडतो तेवढा बॉडीच्या लाकडात डोळे मिटून कुणी दाखवला तर मी त्याला चहा पाजीन. तसंच पॉटचं, सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) आणि हंबकरला ५०० के अशी रीत आहे, तुमच्या हंबकरवाल्या गिटारीत २५० के टाकलेला असंल तर ती गुदमरल्यासारखी वाजणारच, पॉट शे-दोनशेला मिळतो आणि सोल्डरिंग टीव्ही रिपेअरवाला पण करून देतो.

आणि सगळ्यात मोठा फरक शेवटी, स्पीकरचा. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर आवाज जवळजवळ कापूनच टाकतो, तीच त्याची गोडी. आपल्याकडं ऑर्केस्ट्रात, गणपतीत, वर्गणीच्या कार्यक्रमात गिटार सरळ मिक्सरला आणि तिथून साउंडवाल्याच्या पीएला, म्हणजे मोठ्या स्पीकरना, तिथं हे कापणारं कुणी नाही, मग डिस्टॉर्शन लावलं की माशा घोंगावल्यासारखा आवाज येतो आणि दोष जातो स्वस्त लाकडाला. मल्टिइफेक्ट पेडलमधलं कॅब सिम, म्हणजे गिटार स्पीकरची नक्कल, चालू करा, बास. आणि गुंss असा हम येत असंल तर तो पण लाकडाचा नाही, घरचं अर्थिंग बघा, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो, त्यात बादलीभर पाणी टाका, आणि लाइट गेल्यावर स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करायला बसू नका.

आता नेक. मराठवाड्यात लाकडाचा खरा त्रास इथं आहे आणि याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. मार्च संपला की हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात, लाकूड पण आकसतं, पण फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत. नेकच्या कडेनं बोट फिरवा, एप्रिल-मेमधे फ्रेटची टोकं करवतीच्या दातासारखी लागतात, नवीन स्वस्त गिटार असंल तर सरळ खरचटतं. पावसाळ्यात तीच टोकं परत आत जातात. म्हणून टोकं घासून घ्यायची तर मेमधे घासा, बारीक कानस आडवी धरून, आधी फ्रेटबोर्डला मास्किंग टेप लावून. याच्यावर कहर म्हणजे कूलर. दिवसभर खोली भट्टीसारखी कोरडी, संध्याकाळी कूलर लावला की तीच खोली दमट, नेक रोज आकसतो रोज फुगतो. कूलरच्या वाऱ्यात गिटार भिंतीला टांगून ठेवू नका, केसमधे ठेवा, आणि सोबत साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला करून पिळलेला स्पंजचा तुकडा टाका. रोजवूडचा बोर्ड असंल तर वर्षातून एक-दोनदा मिनरल ऑइलचा हलका हात फिरवा, खोबरेल मात्र नको, ते खवट होतं आणि मळ धरतं. पॉलिश केलेल्या मेपल बोर्डला तर काहीच लावायचं नाही.

नेक वाकलाय का ते तपासायला जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, तार स्वतःच सरळ पट्टी बनते, मग सातव्या फ्रेटजवळ फट बघा. व्हिजिटिंग कार्ड अलगद जाईल एवढी असंल तर छान. जास्त असंल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, एवढाच, तारा परत सुरात लावा, रात्रभर राहू द्या, मग परत बघा. फटच नसंल तर उलटा. अडला तर जोर लावू नका, रॉड तुटला की नेक गेला.

काही जणांना स्वतःच बॉडी करून घ्यायची हौस असते, आणि ती करायला आपल्याकडं साहित्य भरपूर आहे. क्वीन बँडच्या ब्रायन मेनं त्याच्या वडिलांबरोबर गिटार केली तिचा नेक जुन्या फायरप्लेसच्या महोगनीतून काढला होता, आपल्याकडं फायरप्लेस नाही पण पाडलेले वाडे आहेत, आणि त्यांच्या तुळया म्हणजे पन्नास-साठ वर्षं वाळलेलं सागवान. ते वळत नाही, वाळवी पण सहसा धरत नाही. फक्त वजन बघा, सागवान साधारण ६५० किलो घनमीटरला भरतं, आल्डर ४५०च्या आसपास, म्हणजे त्याच घाटाची बॉडी जवळजवळ दीडपट, दोन तास उभं राहून वाजवलं की खांदा सांगंल. आतून पोकळ्या करून घ्या किंवा जाडी कमी ठेवा. सागवानात तेल असतं, चिकटवायच्या आधी थिनरनं पुसून घ्या नाहीतर जोड सुटतो. वखारीतलं ताजं आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं पण ओलं असतं आणि किडा पण धरतं, ते नको. प्लायची केली तरी आवाजाला काही होत नाही, स्क्रू नीट धरले पाहिजेत एवढंच. नेक मात्र तयार विकत घ्या, सुताराला सांगू नका, त्याचा दोष नाही, फ्रेटचं काम मिलिमीटरच्या दहाव्या भागाचं आहे. ब्रिजची जागा ठरवताना नट (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) ते बारावा फ्रेट मोजा, त्याच्या दुप्पट म्हणजे स्केल, तारेची वाजणारी लांबी, फेंडर घाटाला ३२४ आणि ६४८ मिमी येतं, आणि बॉडीत भोक पाडायच्या आधी दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून ब्रिज मधोमध येतो का ते बघा, सुताराला घाई असली तरी.

दुकानात गेल्यावर एवढं करा, लाकडाचं नाव ऐकायचं आणि सोडून द्यायचं. गिटार हातात घेऊन हेडस्टॉककडून बॉडीकडं एका डोळ्यानं नेकची कड बघा, पीळ पडलेला दिसला तर स्वस्तात दिली तरी घेऊ नका, पीळ ट्रस रॉडनं निघत नाही. कडेनं बोट फिरवा. जी तारेचा एक-एक फ्रेट वाजवा. खांद्याला पट्टा लावून पाच मिनिटं उभे राहा. मग प्लग लावा, आणि दुकानदाराला सांगा सगळ्या गिटार याच एका केबलनं याच एका ॲम्पवर ऐकव, तो जरा तोंड वाकडं करंल, करू द्या.